साटीनची पिवळी बंडी

बुधवारी सकाळी शिंप्याने एका सभ्य गृहस्थाच्या सदऱ्याला दोन्ही बाह्या डाव्याच जोडल्या. गृहस्थ आरशासमोर गोल गोल फिरून दमले, तरी बिघडलं कुठे हे शिंप्याला उमगेना. उमगणार कसं? पाय मशीनवर होते, पण मन फुटबॉलच्या मैदानावर, गोलच्या दोन खांबांमध्ये उभं होतं.

त्या खांबांमध्ये चार वर्षं त्याची लेक उभी राहायची. वय तेरा, अंगाने ठेंगणी, पण चेंडूला आत पाऊल टाकू द्यायची नाही. संघातल्या मुली तिला ‘भिंत’ म्हणत. मग तीन महिन्यांपूर्वी दवाखान्यातल्या नर्सबाईंची मुलगी आली. तिचे हात इतके लांब, की गोलात उभ्या उभ्या ती शेजारच्या गच्चीवरचे वाळत घातलेले कपडे काढून देई, असं म्हणतात. मुलींनी तिचं नाव ‘शिडी’ ठेवलं आणि सराव घेणाऱ्या सरांनी भिंतीचे हातमोजे काढून शिडीला दिले.

त्या दिवसापासून शिंप्याच्या पोटात असा जाळ पेटला, की इस्त्री पोटाला नुसती टेकवली तरी तापायची. शेजारचा घड्याळजी हे आजही शपथेवर सांगतो.

आता त्या संघात एक जुनी रीत होती. शनिवारचा सराव संपला की मुली गोल करून बसत आणि सर विचारत, “या आठवड्यात संघाला कुणी खाली पाहायला लावलं?” जिच्या नावाला जास्त हात वर, तिच्या अंगात पिवळी बंडी. मग आठवडाभर तिने सगळ्यांच्या पिशव्या उचलायच्या, चेंडू गोळा करायचे, आणि कोणी काहीही बोललं तरी उलटून बोलायचं नाही. सर मनाने वाईट नव्हते. “अशानेच पोरी कणखर होतात,” असं ते म्हणत, आणि आईबाप मान हलवत. बंडी शिवली होती आपल्या याच शिंप्याने. नाटकातल्या राजाच्या झग्याची साटीन उरली होती, तिला त्याने कॉलर आणि लाल गोट लावला. इतकी देखणी, की शिक्षा आहे हे सांगावं लागे.

आणि गेले सात शनिवार ती शिडीच्याच अंगात होती. कारण जेवताना बाप लेकीला म्हणाला होता, “सरांनी विचारलं रे विचारलं, की पहिला हात तुझा वर. शिडीचं नाव घे. बाकीच्या येतात मागोमाग.”

“पण बाबा, तिचं काही चुकलंच नाही तर?”

“तुझे हातमोजे नेले, ते चुकलं नाही?”

लेकीने ताटातला घास तसाच ठेवला. शनिवारी हात मात्र वर केला.

तर दोन डाव्या बाह्यांचे गृहस्थ तणतणत गेले, आणि दुकानात नर्सबाई आल्या. रात्रपाळी करून थेट, डोळे तांबारलेले, पण चेहरा फुललेला. हातात पिवळी बंडी.

“शिंपीदादा, हिची कॉलर तेवढी नीट करून द्या. उंदराने कुरतडलीये बहुतेक. आमच्या पोरीची आहे. दर शनिवारी सगळ्या मिळून निवडतात हो तिला! सात वेळा झालं. मला सुट्टी मिळत नाही बघायला, पण शेजारच्या खोलीतल्या सगळ्यांना सांगून झालंय.”

शिंप्याने बंडी हातात घेतली. उंदीर कुठे लागतो आणि माणूस कुठे, हे कापड शिंप्याला न विचारता सांगतं. कॉलरचं टोक ओलं होऊन वाळलेलं, पुन्हा ओलं होऊन वाळलेलं. हे बारा-तेरा वर्षांच्या पोरीचे दात होते. रडू बाहेर पडू नये म्हणून चावलेली कॉलर.

“एकच काळजी,” नर्सबाई म्हणाल्या, “शनिवारी सकाळी तिचं पोट दुखतं. परवा तर म्हणाली, खेळच सोडते. म्हणे, मलाच सारखं निवडतात, बाकीच्यांना वाईट वाटतं. एवढं मोठं मन बरं नव्हे, नाही का?”

गप्प बसलो की झालं, शिंप्याच्या पोटातला जाळ म्हणाला; पोरगी आपण होऊन जाईल, हातमोजे आपण होऊन परत येतील. शिवाय त्या बाईच्या तोंडावरचा अभिमान! फसवा असला तरी तोसुद्धा त्याला सहन होईना.

“शनिवारी मैदानावरच आणून देतो,” तो म्हणाला.

दोन दिवस त्याने कॉलरला सुई लावली नाही. सुई धरली की हातात यायची ती दातांची खूण.

शनिवारी मुली गोल करून बसल्या. शिडी गुडघ्यांत हनुवटी खुपसून बसलेली. सर म्हणाले, “आणलीत काका? छान. चला पोरींनो, या आठवड्यात कुणी—”

“मी,” शिंपी म्हणाला, आणि बंडी स्वतःच्या अंगात घालू लागला. ती त्याच्या पोटापर्यंत आली आणि टर्रकन पाठीत उसवली. मुली खदखदून हसल्या.

“काका, ही काय थट्टा?” सर म्हणाले.

“थट्टा सात आठवडे चाललीये, सर. ही कॉलर बघा. हे दात कुणाचे ते ओळखा.”

हसू थांबलं. सरांनी कॉलरचं टोक बोटांनी चाचपलं. म्हणाले, “आम्हीही लहानपणी हे सगळं सोसलं, काका. त्यानेच घडलो.”

“तुम्ही काय चावलं होतं, सर?”

सरांनी कॉलरवरचा हात काढून घेतला.

भिंत उभी राहिली. “पहिला हात दर वेळी माझा होता,” ती म्हणाली.

“आणि तो मी वर करायला लावला,” शिंपी म्हणाला. “हिच्या लांब हातांवर जळत होतो म्हणून.”

तेव्हा शिडी पहिल्यांदा बोलली. “काका, आईला सांगू नका. ती फार खूश आहे.”

“मी नाही सांगत. तूच सांग. मी बरोबर येतो.”

दवाखान्याच्या फाटकाशी तिघं उभी राहिली: शिडी, भिंत आणि शिंपी. शिडीने सगळं सांगितलं. नर्सबाईंनी तिला पोटाशी धरलं आणि तिच्या डोक्यावरून शिंप्याकडे पाहिलं.

“बुधवारी मी बोलत होते, तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं?”

“हो.”

“आणि ऐकून घेत होतात.”

“हो.”

आजही त्या कपडे दुसरीकडे शिवायला टाकतात, आणि ते बरोबरच आहे.

सरांनी हात वर करायची रीत बंद केली. आता जिची पिशवी तिच्या खांद्यावर. कुणाला त्रास झाला तर ऐकायला दोन पालक आळीपाळीने मैदानावर असतात. त्यांत एक शनिवार पाळी बदलून येणाऱ्या नर्सबाईंचा. हातमोजे मात्र शिडीकडेच राहिले, कारण ती खरंच अधिक चांगली आहे. तिने उडी मारून चेंडू अडवला की शिंप्याच्या पोटात अजून चटका बसतो. तो टाळ्या वाजवतो. मोठ्याने वाजवतो, चटका बसला तरी.

बंडी त्याने उसवून टाकली. कॉलर तेवढी दुकानात आरशाशेजारी खिळ्याला टांगली आहे. कपडे घालून पाहणारं गिऱ्हाईक विचारतंच, “ही कसली चिंधी टांगलीये?”

“माप आहे,” शिंपी म्हणतो.

“कुणाचं?”

“माझं.”