चार दिवसांनी न्यायले येतो

माझा भासरा, म्हणजे थोरला दीर, हेमराज दुकानाच्या पायऱ्या चढला, तेव्हा मी डोक्यावर पदर घेतला नाही. अकरा वर्षांपूर्वी घेतला असता.

अकरा वर्षांपूर्वी माझा नवरा गेला. तेरावं उरकलं आणि याच माणसाने मला सासरच्या गावच्या, लामत्याच्या स्टँडवर आणून बसमध्ये बसवलं. "माहेरी जाऊन ये तिरोडीले. चार दिवसांनी न्यायले येतो." आमच्याकडे माहेरी गेलेली सून आपली आपण परतत नाही, सासरचं कोणीतरी न्यायला यावं लागतं. हे त्याला पक्कं माहीत होतं. जाऊबाई ज्योत्स्नाताई खिडकीशी येऊन कुजबुजल्या होत्या, "हे येनार नाहीत, नूतन. तू आपल्या मनानं वापस ये." मी मूर्ख. मानाने न्यायला येतील म्हणून तिरोडीच्या ओट्यावर वाट बघत बसले. चार दिवसांचे चार महिने झाले, तेव्हा कळलं की माझ्या खोलीत त्याने खताची पोती रचली आहेत.

मग मी बालाघाटला आले, तिकिटांच्या दुकानात कामाला लागले. आता ते दुकान माझं आहे. रेल्वेची तिकिटं काढते, विमानाची काढते, आणि अलीकडे जहाजाचीही.

हेमराज खुर्चीत ऐसपैस बसला, जणू काही घडलंच नव्हतं. त्याच्या लग्नाला पंचवीस वर्षं होत होती आणि अख्ख्या लामत्यात कोणी जहाजात बसलं नव्हतं. त्याने मोबाइल पुढे केला. मुंबईहून निघणारं मोठं जहाज, पाच दिवस, भाडं नेहमीच्या निम्मं.

"हे काढ. दोघाइचं."

मी जाहिरात वाचली आणि मनातल्या मनात हसले. हे जहाज हिवाळाभर मुंबईहून फेऱ्या मारायचं. पावसाळ्याआधी त्याचा मुक्काम चेन्नईला हलत होता. तिकडे ते जाणारच होतं. रिकामं कशाला जायचं, म्हणून स्वस्तात माणसं घेत होते. चेन्नई आली की सगळ्यांनी उतरायचं, खेळ खलास. आमच्याकडे पेशंटला नागपूरला सोडून टॅक्सी रिकामी परतते आणि तिच्यात कमी पैशात बसून बालाघाटची माणसं घरी येतात, तसाच हा हिशेब. फरक एवढाच की ही गाडी घराकडे येत नव्हती.

"भाऊजी, हे रिटर्न गाडीसारखं आहे, पण..."

"मले शिकवतं? रिटर्न गाडीत जिंदगी गेली माही. सस्ती असते अन् सिद्दी घरी आनते."

मी कीबोर्ड जवळ ओढला. मनाशी ठरवलं, याने फक्त एकदा विचारावं, परत कसं यायचं? विचारलं तर सगळं सांगेन. त्याने जेवणाचं विचारलं, खिडकीचं विचारलं, मुंबईत आपली नवी गाडी कुठे लावायची तेही विचारलं. परत यायचं विचारलंच नाही. मी कशी परतेन, हे तरी त्याने कुठे विचारलं होतं? मी बुकिंग केलं आणि स्वतःसाठी चहा मागवला.

दोन दिवसांनी ज्योत्स्नाताई आधार कार्डाच्या झेरॉक्स घेऊन आल्या. त्यांना फसवणं मला जमेना. सगळं सांगून टाकलं. "अजून रद्द होते, ताई."

त्यांनी झेरॉक्स टेबलावर सारख्या करून ठेवल्या. मग म्हणाल्या, "चेन्नईहून नागपूरची रेल्वे असते काय?"

"हौ."

"माह्यं एकटीचं तिकीट काढून ठेव. त्याइले सांगू नको. पंचवीस वर्षं मागं मागं चालली, एक खेप पुढं जाऊ दे मले."

मे महिन्याच्या सुट्ट्या होत्या. त्या गाडीत तीनच बर्थ उरले होते. मी एकच घेतला.

जहाज चेन्नईला लागलं त्या सकाळी फोन आला.

"नूतन! हे लोकं सामान घेऊन उतरा म्हन्तेत! हे जहाज वापस मुंबईले कवा जाते?"

"पावसाळा झाल्यावर, भाऊजी. दिवाळीच्या आसपास."

"अवो, माही गाडी मुंबईत उभी आहे! इथं आपली बोली कोनाले समजत नाही. चार दिवस रेल्वेत जागा नाही म्हन्तेत. अन् हे ज्योत्स्ना, पर्समधून तिकीट काढलं अन् ऑटोत बसून चालली! मी कसा येऊ?"

शेवटी विचारलं एकदाचं. अकरा वर्षं मी याच प्रश्नासाठी थांबले होते. मी खुर्चीत नीट सावरून बसले, डोक्यावर पदर घेतला, आणि चांगल्या घरच्या सुनेने बोलावं तितक्या हळू आवाजात म्हटलं,

"तुम्ही तिथंच थांबा, भाऊजी. चार दिवसांनी न्यायले येतो."