फणीनाथाचा कोप

दर गुरुवारी भोकरदनहून येणारी एसटी निंबोळ्याच्या फाट्यावर रिकामी व्हायची. सगळे उतारू टेकडीवरच्या पत्र्याच्या शेडकडे चालू लागत. नागिणीचे फोड सुकले तरी आग न गेलेल्या बाया, कंबरेपासून टाचेपर्यंत कळ धावणारे गडी, साखरेच्या आजारानं तळपाय भाजणारे म्हातारे. फणीनाथ महाराज एकेकाच्या जिभेवर हरभऱ्याएवढी काळी गोळी ठेवत.

"नाग जिभेनं डसतो, जिभेवरूनच उतरतो. डॉक्टर नस बघतो, मी नसेतला नाग बघतो."

तासाभरात कण्हणारा माणूस शांत व्हायचा. हे मी स्वतः पाहिलं आहे. माझा दवाखाना जालन्याच्या मस्तगडात. एका पेशंटची चौकशी करायला मी तिथं गेले होते.

ती पेशंट निंबोळ्याचीच द्वारकाबाई. तिला छातीच्या उजव्या बाजूला नागीण झाली होती. फोड गेले, पण नस दुखावली ती दुखावलीच. चोळीचा काठ लागला तरी निखारा ठेवल्यासारखं व्हायचं. माझ्या गोळ्यांनी दुखणं निम्मं उतरलं. महाराजांच्या गोळीनं पार गेलं. मग ती माझ्याकडे कशाला येईल? पावसाळ्यात आली, तीही पोट साफ होत नाही म्हणून. तिच्या डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या.

"द्वारकाबाई, त्या गोळीत अफू असणार," मी म्हणाले.

ती हसली. "असू द्या की. तुमच्या गोळीत काय हाय, ते तरी मला कुठं ठाव हाय?"

महाराज आठवड्याच्या गोळ्या पुडीत बांधून देत आणि बजावत, वारी चुकली की कोप होईल. तो व्हायचाही. अंगावर काटा, नाकाडोळ्यांतून पाणी, पोटात पीळ, डोळ्याला डोळा नाही. एकदा भोगलेला माणूस पुन्हा वारी चुकवत नसे.

शहाण्णव सालच्या हिवाळ्यात एका शनिवारी द्वारकाबाईची सून कौसल्या माझ्या दारात येऊन उभी राहिली. चेहरा उतरलेला.

"बाई, आत्याबाई लोळून राह्यल्यात. आख्ख्या गावाला कोप झालाय. महाराज म्हनले, माझ्यामुळं झालं. म्या विटाळात गोळ्यांच्या पुडीला हात लावला म्हणून. आज सांजच्याला गाव मला हाकलून देनार हाय."

"तुझ्या घरचे काय म्हणाले?"

"मालक खाली मान घालून बसले."

आम्ही मिळेल त्या जीपनं निघालो. द्वारकाबाई खाटेवर गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. एकामागून एक जांभया, अंगावर काटा, आणि बाहुल्या आता चांगल्या मोठ्या झालेल्या. शेजारच्या घरात तेच. पलीकडच्या घरातही तेच. अफूची सवय लागलेल्या शरीराला ती अचानक मिळेनाशी झाली की असंच होतं. पण यांच्यापैकी वारी तर कुणीच चुकवली नव्हती.

संध्याकाळी शेडपुढं गाव जमलं. आजारी माणसं पोरांच्या खांद्यावर रेलून आली होती. महाराज डोळे मिटून म्हणाले, "नाग रुसलाय. ही बाई गावाबाहेर गेली की उतरंल."

मी उभी राहिले. "गोळी खाणाऱ्यांपैकी कोप न झालेलं कुणी आहे?"

 मागून अप्पाराव नावाचा म्हातारा चाचरत पुढं आला. "मी बराबर हाय बाई. पर माझी तर ह्या गुरुवारची वारीच चुकली. लेकीकडं मंठ्याला गेल्तो. मागच्या पुडीतल्या उरल्यात, त्याच खाऊन राह्यलो."

"म्हणजे वारी केली ते आजारी," मी म्हणाले, "आणि चुकवली तो बरा. हा कसला कोप?"

लोकांत कुजबुज सुरू झाली. महाराज काही बोलणार, तेवढ्यात द्वारकाबाई काठी टेकत उठली.

"अप्पाराव, तुमच्यातली एक गोळी द्या. माझ्या हातात न्हाई. कौसल्येच्या हातात द्या."

कौसल्या मागं सरली. "आत्याबाई, नका."

"इकडं ये. विटाळ असंल तर आता समद्यांपुढं दिसंल. तुझ्या हातानं भरव."

रोजची तिची तेवढीच मात्रा होती, म्हणून मी अडवलं नाही. कौसल्येनं गोळी सासूच्या जिभेवर ठेवली. गाव बसून राहिलं. पाऊण तासात द्वारकाबाईच्या जांभया थांबल्या, पोटाचा पीळ सुटला. तिनं पदरानं नाक पुसलं आणि महाराजांकडं वळली.

"तुमच्या हातची नवी गोळी खाऊन मी मरून राह्यले. माझ्या सुनेनं शिवलेली जुनी खाऊन उठले. मंग नाग कुनावर रुसलाय, महाराज? हिच्यावर का तुमच्यावर?"

 लोक शेडमध्ये शिरले. आत गूळ, राख आणि अफूचा वास मारणारा रिकामा डबा सापडला. अफू पुरवणारा पकडला गेला होता, म्हणून या खेपेच्या गोळ्या नुसत्या गुळाच्या आणि राखेच्या होत्या. पोलीस आले तेव्हा महाराजांच्या शिष्यानंच त्यांना तसं सांगितलं.

त्या लोकांची सवय मी आणि सरकारी दवाखान्यानं मिळून हळूहळू सोडवली. सोपं गेलं नाही. कितीतरी जणांनी मला शिव्या दिल्या.

"दुखणं तर थांबत व्हतं ना?" अप्पाराव विचारायचे.

थांबत होतं, आणि ते मी कधी नाकारलं नाही. अफूत दुखणं मारायची ताकद आहे. तिच्यापासून केलेली औषधं मोठ्या दवाखान्यांत मोजून-मापून देतात. पण ती माणसाला धरून ठेवते. नसेची आग पुरती विझवेल आणि माणसाला धरणार नाही, असं औषध जगभरचे शास्त्रज्ञ शोधताहेत. अजून हाती लागलेलं नाही, आणि ते तसं उघड सांगतात. फणीनाथानं मात्र सापडलं म्हणून सांगितलं आणि त्यात काय आहे ते लपवलं.

तेव्हा कुणीही गोळी दिली, मी दिली तरी, आधी विचारा: यात काय आहे, किती आहे, सोडली तर काय होईल? देवाचं नाव घेऊन हे प्रश्न टाळणाऱ्याच्या हातचं काही खाऊ नका.

द्वारकाबाईची आग पुरती गेली नाही. माझ्या औषधांनी निम्मीच राहते. पुढच्या वर्षी गावात दुसरा कुणी अंगारेवाला आला, तेव्हा ती कौसल्येला घेऊन पहिल्या रांगेत जाऊन बसली आणि त्यानं पुडी पुढं करताच म्हणाली, "आधी सांग, हिच्यात काय हाय?"

तो दुपारच्या एसटीनं निघून गेला.