बाकावरची मैत्रीण

“मैने, आज तरी त्या मोठ्या मॅडमना विचार, कायम कधी करणार म्हणून!” डबा पिशवीत टाकता टाकता आई म्हणाली.

“विचारायला कशाला हवं? त्याच म्हणाल्या, तुझ्यासारखी मुलगी दिवा घेऊन शोधली तरी मिळायची नाही.”

“घ्या! आमचे कान किटले आणि तिकडे बडबडीचं सोनं झालं,” चहा गाळत वहिनी हसली.

मैना हे तिचं घरातलं नाव, अखंड बोलण्यामुळे पडलेलं. शाळेत याच बोलण्यापायी तिनं मार खाल्ला होता. एका कंपनीच्या मनुष्यबळ विभागात ती इंटर्न म्हणून लागली आणि मॅडमनी पहिल्याच आठवड्यात तिचा हा गुण हेरला. बायका मुलाखतीला आल्या की मैनानं बाहेरच्या बाकावर त्यांच्यातलीच एक होऊन बसायचं. ओळखपत्र पर्समध्ये, मांडीवर फाईल. गप्पा मारायच्या. मग आतून पहिली हाक तिलाच येई. जे कानावर आलं ते मॅडमना सांगून ती मागच्या दारानं निघून जाई.

“घाबरलेल्या असतात गं बिचाऱ्या,” मॅडम म्हणत. “कुणाची काही अडचण असली तर आपल्याला आधी कळलेली बरी. सांभाळून घेता येतं.”

मैनाला ते पटलं होतं. पटण्यासारखंच होतं. पूर्वीपासून दोन बायका शेजारी बसल्या की घटकाभरात एकमेकींची मुलंबाळं, दुखणीखुपणी विचारून होतात. त्या विचारण्यात चौकशी थोडी आणि माया जास्त. ती मायाच कुणी कामाला जुंपील, हे कुणाच्या मनात तरी येईल का?

त्या दिवशी बाकावर राखाडी कपड्यातली एक काटकुळी बाई होती. हिशेबाच्या कामात मुरलेली.

“धाकट्याला फिट्स येतात माझ्या,” ती हळूच म्हणाली. “शेजारीण बघते त्याला. पण आत नाही हं मी बोलणार.”

“कशाला बोलताय? मुळीच नका,” मैनानं तिचा हात थोपटला. थोड्याच वेळात तिनं ते मॅडमना सांगितलं. मॅडमनी नुसती मान हलवली.

दुपारी कळलं, राखाडी कपड्यातल्या बाईंना घेतलं नाही.

“उत्तरं यथातथाच होती,” मॅडम म्हणाल्या.

पण मागच्या खोलीतून मैनानं ती सगळी उत्तरं ऐकली होती. एकही अडखळलं नव्हतं. तरी तिला कायम व्हायचं होतं. तिनं पुढची फाईल उचलली.

संध्याकाळी घरी वहिनीचा चेहरा उतरलेला. दुसऱ्या एका कंपनीत तिनं मुलाखत दिली होती, तिथून नकार आला होता. तिला नुकतेच दिवस गेले होते. पाहणाऱ्याला कळलंही नसतं.

“तू तिथं बोललीस का काही?” आईनं ताट वाढत विचारलं.

“छे! आत चकार शब्द काढला नाही. बाहेर एक मुलगी बसली होती, तिला तेवढं बोलले. मळमळत होतं ना, तिनंच पाणी दिलं. इतकी गोड होती हो पोरगी! अगदी आपल्या मैनेसारखी.”

मैनाचा घास हातातच राहिला. जन्मात पहिल्यांदा तिला बोलायला सुचेना.

दुसऱ्या दिवशी बाकावर शेजारची बाई तिच्याकडे सरकली. “तुला म्हणून सांगते हं...”

मैना ताडकन उभी राहिली. “ताई, नका सांगू! कुणीच मला काही सांगू नका. मी इथलीच आहे. तुम्ही बोलता ते मी आत पोचवते, आणि मग तुम्हाला घेत नाहीत.”

बायका तिच्यापासून दूर सरकल्या, आणि मग एकमेकींपासूनही. ते तिला फार लागलं.

मॅडमनी आवाज चढवला नाही. “ओळखपत्र ठेव टेबलावर. मी एकटीच करते असं वाटलं तुला? कुणाच्या घरी पाळणा हलणार, हे मलाही वरून विचारतात. गोड बोलणाऱ्या मुलींना काय तोटा? उद्या दुसरी बसेल.”

घरी तिनं सगळं सांगितलं तेव्हा आईनं कपाळाला हात लावला.

“केसानं गळा कापलास गं,” वहिनी म्हणाली. “किती जणींचा?”

सकाळी मात्र ती रोजच्याच वेळेला निघाली. वर गेली नाही. कंपनीच्या जिन्याखाली उभी राहिली. फाईल घेतलेली पहिली बाई दिसताच पुढे झाली.

“ताई, वर बाकावर एखादी मुलगी मायेनं घरचं विचारील. तिला काही सांगू नका.”

बाईनं तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “आणि तू कोण गं? तुझ्यावर तरी का विश्वास ठेवू?”

“कारण कालपर्यंत ती मुलगी मीच होते.”

बाईचे ओठ घट्ट मिटले. ती पायऱ्या चढू लागली. पण जिन्याच्या वळणावर ती थांबली, कठड्याला टेकली, आणि मागून येणाऱ्या बाईलाही हे सांगावं म्हणून तिची वाट पाहू लागली.