मायलिसच्या त्रेचाळीस फाइली

ऐकताय ना? मी एक हार्ड डिस्क. तुमच्या तळहातावर मावेन एवढी, वजनाला दोन अंड्यांइतकी. माझ्या पोटात एक चकती मिनिटाला पाच हजार चारशे वेळा फिरते आणि तिच्यावरून एक बारीक हात धावतो, न टेकता. टेकला की मी संपले. तेव्हा आधीच सांगते, मी भित्री आहे आणि मला त्याची लाज वाटत नाही.

जन्म थायलंडच्या कारखान्यातला, पण आयुष्य गेलं ते स्वीडनमध्ये, वेर्मलांडातल्या एका छोट्या गावात, एस्किलच्या लॅपटॉपमध्ये. एस्किल रेल्वेत सिग्नल सांभाळायचा. आता निवृत्त. त्याला दिवसाला दहा शब्द पुरतात, त्यातले चार हवेबद्दल. दोघांच्या वाटचं बोलायचं काम त्याची बायको मायलिस करायची.

पाच वर्षांपूर्वी डॉक्टरांनी मायलिसला सांगितलं, की विसरणं आता वाढतच जाणार. घरी येऊन तिनं कॉफी टाकली, लॅपटॉप उघडला आणि नवऱ्याला म्हणाली, "मी बोलते, तू नुसतं बटण दाब. एवढं तरी जमेल ना?"

तो हिवाळाभर बटण दाबत होता. ती एकेक फोटो समोर घेऊन बोलत होती, स्वतःशीच, पुढच्या स्वतःसाठी. "ही तुझी बहीण गुनवोर. हिच्याशी पत्ते खेळू नकोस, लबाड आहे." "ही आपली सोल्वेई, एक दिवसाची. रडून रडून बीटासारखी लाल झालीय नुसती." असे त्रेचाळीस फोटो आणि त्रेचाळीस फाइली. सगळ्या मी माझ्यावर कोरून घेतल्या. त्याआधी माझ्यात विजेची बिलं आणि मासेमारीचे परवाने होते. खरं काम मला तेव्हा मिळालं.

आता मायलिस वृद्धांच्या निवासात राहते. रोज दुपारी तीनच्या कॉफीला एस्किल मला घेऊन जायचा. ती त्याला ओळखत नाही. पण स्वतःचा आवाज ओळखते, आणि तो आवाज जे सांगतो त्यावर विश्वास ठेवते. शेवटची फाइल एस्किलची. ती संपली की मायलिस मान वर करून त्याच्याकडे बघायची आणि हात पुढे करायची. दिवसातली तेवढी पाच मिनिटं तो तिचा नवरा असायचा.

मी म्हातारी झाले तसा तो आवाज मधेच अडखळायला लागला. आवाज तुटला की मायलिस घाबरायची, कान झाकून घ्यायची. म्हणून एका गुरुवारी सकाळी सोल्वेई आली. एस्किलची मुलगी, पन्नाशीची, शिस्तीची.

"सगळं पुसून नव्यानं टाकते बाबा. सगळ्याची कॉपी आहे ना?"

"आहे."

"कुठे?"

"डब्यात."

झालं. त्या घरात तिसरा प्रश्न विचारायची पद्धत नाही. तिनं मला फॉरमॅट केलं.

तुम्हाला वाटतं फॉरमॅट केलं की सगळं गेलं. तसं नसतं. पुस्तकाची अनुक्रमणिका फाडावी तसं होतं ते. पानं जागच्या जागी असतात, फक्त कुठल्या पानावर काय आहे ते सांगता येत नाही. मायलिस अजून माझ्यात होती, सबंध. पण लगेच लॅपटॉप चालवणारी नवी प्रणाली भरायला सुरुवात झाली. म्हणजे त्याच पानांवर दुसरं काहीतरी लिहिलं जाऊ लागलं. माझा हात हुकमाचा ताबेदार. लिही म्हटलं की लिहितो, खाली कुणाचा आवाज आहे ते बघत नाही.

पडद्यावर आकडा आला, चार टक्के.

"डबा आणा, तोवर कॉपी तपासते," सोल्वेई म्हणाली.

एस्किल बाहेरच्या खोलीत गेला. बराच वेळ आला नाही. मग दारातून म्हणाला, "इथला डबा?"

"कुठला?"

"निळा. बिस्किटांचा."

इथली म्हातारी माणसं मरायच्या आधी आपलं घर आपणच आवरून ठेवतात. मागच्यांना त्रास नको म्हणून. एस्किलनंही वर्षभर आवरलं होतं. नुसत्या आपल्यासाठी ठेवलेल्या वस्तूंचा एक डबा करायचा, वर चिठ्ठी लावायची आणि मुलांनी तो न बघता टाकायचा, अशी रीत. त्या निळ्या डब्यात मायलिसची जुनी पत्रं होती आणि एक पेन ड्राइव्ह.

"बाबा, तो टाकला मी. मंगळवारी कचरा केंद्रावर गेले तेव्हा. वर लिहिलं होतं, 'न उघडता टाकावा.'"

"मी मेल्यावर!"

"ते कुठे लिहिलं होतं?"

दुसऱ्या एखाद्या देशात मुलीनं झाकण उघडून पाहिलं असतं, चार पत्रं वाचली असती, हसली असती. इथं चिठ्ठीवर लिहिलंय म्हणजे लिहिलंय. मला त्या क्षणी या लोकांच्या सरळपणाचा संताप संताप झाला.

अकरा टक्के.

"निदान विचारायचं तरी!"

"काय विचारायचं? उघडू नका म्हणता, मग आत काय आहे म्हणून विचारू? इतकी वर्षं या घरात कधी कुणी काही सांगितलंय?"

अरे, भांडताय काय! मी लिहितेय इकडे! मला ओरडता आलं असतं तर खिडक्यांच्या काचा तडकल्या असत्या. सोल्वेईनं कचरा केंद्राला फोन लावला. पलीकडचा माणूस शांतपणे म्हणाला, मंगळवारचा माल काल सकाळीच भट्टीत गेला.

एकोणीस टक्के. माझ्या चकतीवर कुठल्या कुठल्या प्रिंटरच्या फाइली उतरत होत्या. या घरात आयुष्यात न आलेली आणि न येणारी यंत्रं. त्यांच्यासाठी माझ्यातली मायलिस खरवडली जात होती, आणि ते करणारी मीच होते.

एस्किल टेबलापाशी आला. पडद्याकडे पाहिलं. आणि भिंतीतली वायर ओढली.

लॅपटॉपची बॅटरी कधीच मेली होती. मी जागच्या जागी थांबले.

"बाबा! अर्ध्यात बंद करायचं नसतं! मशीन कायमचं जाईल!"

"काय चाललंय ते कळत नसेल तर आधी लाल दिवा लावायचा," एस्किल म्हणाला. "गाडी थांबवायची. मग विचारायचं."

एका दमात इतके शब्द मी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकले.

बस स्थानकाजवळ नसरीनचं दुरुस्तीचं दुकान आहे. लहानपणी आईबापांबरोबर इराणहून आली, आता गावातला प्रत्येक बिघडलेला फोन तिच्या हातून जातो. तिनं मला लॅपटॉपमधून काढलं, कानाशी धरून फिरवून पाहिलं.

"वायर ओढलीत ते फार चांगलं केलंत काका. लोक म्हणतात, होऊ दे पूर्ण, मग बघू. मग मी काय बघणार, कपाळ?"

"मिळेल?"

"खोटं नाही सांगत. म्हातारी आहे ही. वाचता वाचता प्राण सोडू शकते. एकदाच प्रयत्न करता येईल."

त्या दिवशी तीन वाजले आणि एस्किल कॉफीला गेला नाही. पहिल्यांदाच. दुकानातल्या लाकडी स्टुलावर टोपी मांडीवर घेऊन बसून राहिला. नसरीन मला एकेक पान वाचायला लावत होती. माझा हात काही जागी अडायचा, टक् टक् करायचा. प्रत्येक टक्‌ला सोल्वेई डोळे मिटून घ्यायची. मला वाटत होतं, आता टेकतोय, आता टेकतोय. पण इतकी मी कधी जपून चालले नव्हते. नसरीनचं दुकान बंद व्हायची वेळ टळून गेली तरी कुणी उठलं नाही. शेवटी तिनंच त्यांना घरी पाठवलं आणि मला चालू ठेवलं.

शुक्रवारी दुपारी ती म्हणाली, "त्रेचाळीस मिळाल्या. नावं गेलीत, नुसते आकडे आहेत. आणि त्यातली एक फाटलेली आहे."

सोल्वेईनं बापाकडे पाहिलं. "कुठली?"

नसरीननं ती लावली. मायलिसचा आवाज आला, "हा एस्किल. हा आपला…" आणि मग नुसती खरखर.

तीच जागा. अख्ख्या चकतीवर मला तीच जागा सापडली लिहायला. मी काय सांगू तुम्हाला?

"हिला टाकू?" नसरीननं विचारलं. एस्किलनं नकारार्थी मान हलवली, मला पाकिटात घालून कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं आणि तो, सोल्वेई आणि मी असे तिघं तिथून निघालो ते थेट निवासावर. लॅपटॉपमध्ये आता नवी डिस्क होती.

खिशात अंधार होता, पण ऐकू सगळं येत होतं. गुनवोर आली, लाल झालेली सोल्वेई आली. आवाज कुठे अडखळत नव्हता. मायलिस हसत होती. मग ती फाइल लागली. "हा एस्किल. हा आपला…" खर्र.

"पुढं?" मायलिस म्हणाली. "आपला कोण? सांगा ना पुढं!" तिचा आवाज चढायला लागला. "कोण?"

सोल्वेई काहीतरी बोलणार होती. एस्किलच्या छातीचे ठोके माझ्या अंगावर आदळत होते. त्यानं लॅपटॉप मिटला.

"नवरा," तो म्हणाला. "तू स्टेशनावर बन विकायचीस. मी एका दिवशी सात घेतले. भूक नव्हती. तुझ्याशी बोलायचं होतं, ते जमेना, म्हणून आणखी एक, आणखी एक. आठव्याला तूच म्हणालीस, अहो, पोट फुटेल, त्यापेक्षा नाव सांगा. मी एस्किल. मी तुझा नवरा, मायलिस. मी रोज येतो. काल चुकलो."



"इश्श," मायलिस म्हणाली. "एवढं बोलता येतं, तर मग इतके दिवस मला एकटीलाच का बडबडायला लावलंत?"

मी आता एस्किलच्या स्वयंपाकघरातल्या खणात आहे, रबरबँड आणि कुठल्यातरी कुलपांच्या किल्ल्यांबरोबर. फिरायचे माझे दिवस संपले. जपता आलं तेवढं जपलं. जे गेलं ते माझ्याच हातानं गेलं, त्याची माफी मागते. तुमच्या घरी माझी भावंडं असतील. त्यांच्यावर भार टाका, त्यासाठीच ती असतात. फक्त जे तुमच्या तोंडचं आहे ते आमच्याकडून वदवून घेऊ नका.

एस्किल अजून रोज तीनला निघतो. काल लॅपटॉप टेबलावरच विसरला होता. लक्षात आलं, तेव्हा दारापर्यंत गेला होता. दोन क्षण थांबला, आणि तसाच निघून गेला.