बारवेचं जिवंत पाणी

वेणीमाधवरावांनी शंभर वर्षं जगायचं ठरवलं होतं, आणि त्यासाठी लागणारे कष्ट गोदावरीबाईंनी करायचे, हेही त्यांनीच ठरवलं होतं.

मामलेदार कचेरीत अव्वल कारकून म्हणून तीस वर्षं काढून ते पेन्शनीत निघाले होते. हाताखाली आता सात कारकून उरले नव्हते, म्हणून सगळा अंमल स्वतःच्या शरीरावर आणि घरावर चाले. पहाटे चारला उठून तांब्याभर कोमट पाणी प्यायचं, हा नियम त्यांचा. ते पाणी साडेतीनला उठून तापवायचं, हा गोदावरीबाईंचा. प्रत्येक घास बत्तीस वेळा चावायचा. त्यामुळे जेवताना त्यांना बोलता येत नसे आणि ते बोटांनी खुणा करीत; एक बोट म्हणजे वरण, दोन बोटं म्हणजे ताक. चहा बंद. तो सगळ्यांचाच बंद केला होता. गोदावरीबाई मागल्या दारी उभ्या राहून आपला कप पिऊन टाकीत, आणि दिवसभरात प्रकृतीला बरा वाटावा असा तेवढाच एक घोट पोटात जातो, असं त्यांचं मत होतं.

रावांनी 'दीर्घायु मंडळ' काढलं होतं. मंडळात पाच पेन्शनर. त्यांत रेल्वेच्या मालधक्क्यावरून निवृत्त झालेले रुद्रप्पा सगळ्यांत उत्साही. हे पाचजण उजाडायच्या आत अनवाणी निघत, गिरणीच्या भोंग्याला नाकं मुरडत गावाबाहेरच्या जुन्या बारवेवर जात, पायऱ्या उतरून गुडघाभर पाण्यात उभे राहत आणि ओंजळीनं पाणी पीत.

"नळाचं पाणी मेलेलं असतं," राव सांगत. "लोखंडात कोंडून आणलेलं. बारवेचं पाणी जिवंत. आणि ते गाळायचं नाही. फडक्यातून पाण्याचा जीव निघून जातो."

पाण्यात जिवंत काय असतं ते गोदावरीबाईंना चांगलं ठाऊक होतं. त्यांचं माहेर मंगळवेढ्याचं. पायऱ्यांच्या विहिरीचं पाणी पिऊन त्यांचे वडील तीन उन्हाळे खाटेवर पडले होते, पायातून निघणारा नारूचा लांब किडा काडीला गुंडाळत. तेव्हापासून आईनं हंड्यावर दुहेरी फडकं बांधलं, आणि पाच भावंडांपैकी एकालाही नारू झाला नाही. लग्नानंतर सोलापुरात नळाचं पाणी मिळालं, तरी गोदावरीबाईंनी फडकं सोडलं नाही. रावांना त्याचं हसू येई. "गावंढळपणा," ते म्हणत. हसू देत, हंडा स्वयंपाकघरात होता आणि राव तिकडे फिरकत नसत.

बत्तीस सालच्या वैशाखात त्यांची मुलगी प्रेमला पहिल्या बाळंतपणाला कुर्डुवाडीहून आली. सातवा महिना लागला होता. तिच्याकडे बघून रावांनी मंडळाच्या बैठकीत जाहीर करून टाकलं, की आपला नातू पोटात असल्यापासून जिवंत पाण्यावर वाढेल.

"ती ते पाणी पिणार नाही," मंडळी गेल्यावर गोदावरीबाई म्हणाल्या.

"का? मी वर्षभर पितोय. मला काय झालं?"

"काय व्हायचं ते वर्षानं कळतं. आमच्या अण्णांना असंच झालं."

"तुझे अण्णा घास चावत नसतील." राव उठले, वीस वर्षांत प्रथमच स्वयंपाकघरात शिरले, हंड्यावरचं फडकं ओढून काढलं आणि कंदिलाची काच पुसायला ठेवून दिलं. "उद्यापासून गोपाळ बारवेवरून कळशी आणील. न गाळता."

गोपाळ म्हणजे घरचा म्हातारा पाणक्या, मोडनिंबचा. गोदावरीबाईंनी त्याला मागल्या दारी गाठलं. त्यानं मुकाट्यानं धोतर वर करून घोटे दाखवले. सुरकुतलेले तीन व्रण होते.

"मला सांगू नका, बाई. लई भोगलंय मी. पोरीला ते पाणी पाजायचं व्हय?"

"तू बारवेवर जाऊ नकोस. कोपऱ्यावरच्या नळावर भर. पण वेळ लावून ये."

गोपाळनं वेळ लावला. नळावर कळशी भरून तो अर्धा तास मारुतीच्या पारावर तंबाखू मळत बसला आणि धापा टाकत आला. रावांनी पहिलं फुलपात्र स्वतः घेतलं, डोळे मिटले, पाणी तोंडात घोळवलं.

"बघा," ते म्हणाले. "घशातून उतरताना कळतं. नळाच्या पाण्याला ही चव येईल का?"

"न्हाय बा," गोपाळ म्हणाला. प्रेमलानं पदर तोंडात कोंबला.

असे नऊ दिवस निभावले. दहाव्या दिवशी रुद्रप्पांना पहाटे उठायला उशीर झाला आणि बारवेकडे एकटेच निघाले असताना त्यांना गोपाळ कोपऱ्यावरच्या नळावर कळशी भरून पारावर जाऊन बसताना दिसला. त्यांनी ते मंडळापुढे निवेदन केलं. राव संतापले, पण संतापानं आयुष्य घटतं असा त्यांचाच नियम असल्यामुळे ते हळू आवाजात संतापले.

"घरात कट! गुरुवारी मी स्वतः कळशी आणतो. मंडळ येईल. प्रेमला सगळ्यांच्या देखत पिईल."

"बाबा, पण आई म्हणते..."

"आईचं राहू दे. डॉक्टरांच्या बाटल्या पिऊन चाळिशीत म्हातारी व्हायचंय का तुला?"

रावांचा उजवा पाय त्या आठवड्यात घोट्यापाशी सुजला होता. आग होत होती. बाभळीचा काटा असेल म्हणून ते हळद बांधत होते आणि चालणं मुद्दाम वाढवलं होतं. चालण्यानं सगळं बसतं. गोदावरीबाईंनी पाय बघू द्या म्हटलं, तर त्यांनी तो धोतरात ओढून घेतला. शंभर वर्षं जगणाऱ्याचा पाय सुजल्याचं मंडळाला दिसून चालणार नव्हतं.

गुरुवारी ते लंगडत आले. खांद्यावर कळशी, मागे चौघे पेन्शनर, सगळ्यांत मागे गोपाळ. ओसरीवर कळशी ठेवून त्यांनी फुलपात्र भरलं आणि प्रेमलाच्या हातात दिलं. गोदावरीबाई दारात आडव्या उभ्या होत्या. हातात गार पाण्याचा तांब्या होता, कारण बाहेरून आलेल्याच्या पायावर पाणी घालायची त्या घरची रीत होती आणि ती रावांनीही मोडली नव्हती.

"आधी पाय धुवा," त्या म्हणाल्या. "ती तोवर थांबेल."

राव मोरीपाशी उभे राहिले. हळदीची पट्टी त्यांना सोडावीच लागली. खाली टपोरा फोड होता. त्यावर गार पाण्याची धार पडली आणि फोड फुटला. दुधासारखं काही ओघळलं. मग त्यातून पांढरा, शिवणदोऱ्याएवढा बारीक जीव डोकं बाहेर काढून वळवळू लागला.



"शीर आहे," राव म्हणाले.

"नारू हाय की, रावसाहेब," गोपाळ म्हणाला. "चांगला मोठा असणार. वर्षाचा झालाय."

रावांनी खाली वाकून तो चिमटीत धरला. चार लोकांपुढे ती वस्तू अंगातून लोंबत राहावी हे त्यांना सोसवेना. ते ओढणार इतक्यात गोदावरीबाईंनी त्यांचं मनगट पकडलं. पस्तीस वर्षांच्या संसारात हे पहिल्यांदाच घडत होतं.

"सोडा. ओढलात आणि आत तुटला तर पाय नासेल. आमच्या शेजारी एकाचा कायमचा आखडलाय."

रावांनी चिमटी सोडली. गोदावरीबाई वळल्या.

"प्रेमला, ते खाली ठेव."

प्रेमलानं फुलपात्र ठेवलं. ते अजून काठोकाठ भरलेलं होतं. गोदावरीबाईंनी ते मोरीत ओतलं, मग कळशीही पालथी केली. जिवंत पाणी गटारात गेलं.

"त्याचा याच्याशी संबंध सिद्ध झालेला नाही," राव ओसरीला टेकून म्हणाले, पण आवाज कचेरीतला राहिला नव्हता.

रुद्रप्पांनी घसा साफ केला. "अव्वल कारकून, बारवेचं पाणी आपण कधीपासून पितोय?"

"मागच्या चैत्रापासून."

"म्हणजे आम्हीसुद्धा," रुद्रप्पा म्हणाले. चौघांनीही धोतरं वर करून आपापले घोटे बघितले. मंडळ पुन्हा जमलं नाही.

नारू बाहेर यायला बावीस दिवस लागले. गोदावरीबाई रोज दुपारी कडब्याच्या काडीला तो बोटभर गुंडाळत, त्याहून जास्त नाही. राव छताकडे बघत घास चावल्यासारखं तोंड हलवीत. पाय बारवेत बुडवला तर आग थांबेल, असं त्यांनी एकदा सुचवून पाहिलं. "आणि तुमच्या नारूची पिल्लं सगळ्या गावाला पाजायची का?" एवढंच त्या म्हणाल्या. हंड्यावर नवं दुहेरी फडकं आलं. राव त्यातलं पाणी रोज प्यायले आणि त्याच्या चवीबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही.

श्रावणात प्रेमलाला मुलगी झाली, धडधाकट. कार्तिकात वाचनालयात रावांचं व्याख्यान झालं: 'दीर्घायुष्याचे पंधरा नियम'. मंडळाच्या वेळी नियम चौदा होते. पंधराव्या नियमापाशी त्यांनी काठीवर भार देत आवाज चढवला.

"पाणी गाळून प्या! हे मी आज सांगत नाही. माझ्या घरी गेली पस्तीस वर्षं पाणी गाळूनच पितात."

टाळ्या पडल्या. रावांनी खिशातून मलमलीचं कोरं फडकं काढलं आणि टेबलावरच्या तांब्याच्या तोंडावर पसरून दाखवलं.

बायकांच्या बाजूला नात मांडीवर घेऊन गोदावरीबाई बसल्या होत्या.

"दुहेरी करा," त्या तिथूनच म्हणाल्या.

सभा वळून बघू लागली. रावांनी फडकं उचललं, दुहेरी केलं आणि पुन्हा नीट पसरलं.