नळाची बाटली

मिस्त्रींनी चाळीस वर्षं लोकांच्या घरात पाणी आणून सोडलं. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा काम थांबवलं, पण पान्यांची पेटी अजून पलंगाखालीच होती आणि सगळी इमारत त्यांना अजून मिस्त्रीच म्हणत होती. बायको रागावली की तीसुद्धा.

त्यांच्या स्वयंपाकघरात दोन नळ होते. एक गच्चीवरच्या टाकीचा, सगळ्यांकडे असतो तसा. दुसरा खास. रस्त्याखालच्या मोठ्या लाइनीवरून, टाकीला बगल देऊन, थेट तिसऱ्या मजल्यावर आणलेला. बावीस वर्षांपूर्वी मिस्त्रींनी तो स्वतःच्या हातांनी टाकला होता. सकाळी दीड तास त्याला पाणी यायचं आणि घर दिवसभर तेच प्यायचं.

"टाकीत कबुतरं अंघोळ करतात," मिस्त्री आल्यागेल्याला सांगायचे. "हे घ्या, हे थेट." आणि समोरचा पिऊन ग्लास खाली ठेवीपर्यंत त्याच्या तोंडाकडे बघत बसायचे.

मग लेकीला जवळच्याच दवाखान्यात नोकरी लागली आणि ती, जावई आणि चार वर्षांची ठमी त्यांच्याकडे राहायला आली. ठमीला दिवसा सांभाळायला माणूस हवं होतं, आजी-आजोबांना घरात आवाज हवा होता. सगळ्यांचंच भलं झालं. अडचण एवढीच की जावई पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होता.

पहिला महिना बरा गेला. नंतर कुणीतरी जिन्यात जावयाला त्याचं काम विचारलं आणि त्यानं ते सांगितलं. त्या दिवसापासून दारावर थाप पडली की मिस्त्री उठायचे आणि समोरचा माणूस त्यांच्या खांद्यावरून आत डोकावून विचारायचा, "जावईबापू आहेत का?"

तळमजल्यावरची शिवणकाम करणारी बाई तर बाटलीत पाणी भरूनच आली. "जरा तुमच्या जावयांना दाखवा ना. वास येतोय का बघतील."

"मला दाखवा की."

"नको हो, त्यांनाच दाखवा. ते शिकलेले आहेत."

वीस वर्षं या बाईच्या मोरीत कोपरापर्यंत हात घालून मिस्त्रींनी तुंबलेलं मोकळं केलं होतं. त्यांनी बाटली घेतली, टेबलावर आदळली आणि संध्याकाळपर्यंत कुणाशी धड बोलले नाहीत.

बायकोचंही तेच. एके दिवशी ती पिंप घासताना दिसली. "ते म्हणाले, आठवड्यातून दोनदा घासा. तळाला बुळबुळीत थर धरतो."

"हेच मी दहा वर्षं सांगतोय."

"तुम्ही ओरडून सांगता. ते समजावून सांगतात." पिंप उपडं घालून ती म्हणाली, "तुम्ही ना, त्या पोराला उगीच पाण्यात पाहता."

मिस्त्रींना राग आला, कारण ते खरं होतं. जावयात खोड काढावी असं काही नव्हतं आणि तीच त्याची सगळ्यात मोठी खोड होती. हळू बोलायचा. ताट स्वतः उचलून ठेवायचा. ठमीसुद्धा गोष्ट ऐकायला आधी आजोबांच्या मांडीवर बसायची आणि बाबा आला की गोष्ट अर्धी टाकून पळायची. तिनं पळूच नये असं थोडंच आहे, मिस्त्री स्वतःला समजवायचे. पण मांडी रिकामी झालेली त्यांना कळायची.

त्यातच ठमीचं पोट बिघडलं. बरं झालं आणि तीन आठवड्यांत पुन्हा बिघडलं. डॉक्टरांनी औषध दिलं आणि विचारलं, "घरात प्यायला पाणी कुठलं?"

जेवताना लेकीनं तो प्रश्न जसाच्या तसा सगळ्यांपुढे ठेवला. सगळ्यांची मतं तयारच होती.

"जार लावू या," बायको म्हणाली. "समोरच्यांकडे दारात आणून देतात."

"त्यापेक्षा मशीन बसवू," लेक म्हणाली. "टाकीचं पाणीसुद्धा त्यातून चालेल."

मिस्त्री घास हातात धरून थांबले. आता कुणीतरी म्हणेल, आपला नळ असताना हे सगळं कशाला? कुणी म्हणालं नाही. दोघी मिळून जावयाकडे बघत होत्या.

जावयानं तोंडातला घास संपवला. "आधी तपासू. मग ठरवू. मी तीन बाटल्या आणतो. टाकीचं, जारचं आणि बाबांच्या नळाचं."

"माझ्या नळाचं कशाला?" मिस्त्री म्हणाले. "बावीस वर्षं पितोय आम्ही. ही लेक त्यावरच वाढली."

"चांगलंच असेल बाबा. पण कागदावर आलेलं बरं, नाही का?"

तोवर पाणी उकळून द्यायचं ठरलं. दुसऱ्या दिवशी जावयानं प्रयोगशाळेतून बाटल्या आणल्या आणि सगळ्यांना समजावून सांगितलं. बाटली निर्जंतुक केलेली आहे, झाकणाच्या आत बोट लावायचं नाही. नळाचं तोंड स्पिरिटनं पुसायचं. पाणी दोन मिनिटं वाहू द्यायचं आणि मगच भरायचं.

नळ कसा सोडायचा हे मला शिकवतोय, मिस्त्रींच्या मनात आलं. त्यांनी मान मात्र डोलावली.

टाकीची आणि जारची बाटली जावयानं स्वतः भरली. नळाला पाणी सकाळी साडेसहाला यायचं आणि नेमकं त्या दिवशी त्याला पहाटेच बाहेरच्या कामावर जावं लागणार होतं. "बाबा, तिसरी तुम्हीच भरा," निघताना तो म्हणाला. "आठ वाजता आमचा माणूस येऊन तिन्ही घेऊन जाईल. तुमच्याइतकं नीट कोण भरणार?"

दुसऱ्या कुणी हे म्हटलं असतं तर मिस्त्रींची छाती फुगली असती. जावयानं म्हटल्यावर त्यांना वाटलं, आता हा मला शाबासकी द्यायला लागला.

साडेसहाला नळ खाकरला. पहिली धार सुटली आणि मिस्त्रींनी वाकून वास घेतला.

गेले दहा-बारा दिवस ते रोज असं करत होते आणि कुणाला सांगत नव्हते. पहिल्या धारेला किंचित वास होता. ओल्या मातीसारखा, त्याहून थोडा वाईट. पाच मिनिटांत जायचा. नळी जुनी झाली की येतो, ते स्वतःला सांगायचे. लोकांच्या घरी असा वास आला असता तर त्यांनी त्याच दुपारी जमीन उकरली असती.

बाटली हातात धरून ते उभे राहिले. नळ नापास झाला तर काय होईल ते त्यांना दिसत होतं. कुणी काही बोलणार नाही. जावई तर मुळीच बोलणार नाही. हळू आवाजात म्हणेल, "होतं असं, बाबा." इमारतीत दोन दिवसांत सगळ्यांना कळेल, आणि शिवणवाली बाई म्हणेल, अगंबाई, मिस्त्रींच्याच घरी?

ओट्यावर ठमीसाठी रात्री उकळून गार केलेल्या पाण्याचं पातेलं होतं, वर ताटली झाकलेली. बायको अंघोळीला गेली होती.

मिस्त्रींनी ताटली सरकवली, बाटली पातेल्यात बुडवून भरली आणि झाकण घट्ट लावलं. बाहेरून पुसून ती इतर दोन बाटल्यांच्या शेजारी ठेवली. चाळीस वर्षांत त्यांनी एकही जोड असा खोटा बसवला नव्हता.

चार दिवसांनी कागद आला. जावई घरी पोचायच्या आधीच त्यानं तो फोनवर पाठवला होता आणि लेकीनं सगळ्यांना वाचून दाखवला. टाकीचं पाणी पिण्याजोगं नाही. जारचं काठावर नापास. नळाचं एकदम चोख, जंतू शून्य.

"अगंबाई!" बायको म्हणाली. "म्हणजे घरात सोनं आणि आपण गावभर शोधतोय."

"बाबा, पहिला नंबर," लेक हसून म्हणाली आणि ठमीनं टाळ्या वाजवल्या.

मिस्त्री हसले. अर्धा तास त्यांना खरोखरच जिंकल्यासारखं वाटत होतं. मग जावई आला, पाय धुऊन बसला आणि म्हणाला, "नळाचं पाणी पुन्हा एकदा तपासायला हवं. तोवर ठमीला उकळलेलंच द्या."

"का?" मिस्त्रींचा आवाज चढला. "तुमच्याच लॅबचा कागद तुम्हाला पटत नाही?"

"तसं नाही बाबा. एका आकड्यात जरा शंका आहे."

"शंका! जार पहिला आला असता तर आली असती का शंका? माझा नळ निघाला म्हणून पोटात दुखतंय तुमच्या."

बोललेलं वाक्य मिस्त्रींनाच ऐकू आलं आणि ते कुणाबद्दल खरं होतं तेही कळलं. पण जीभ एकदा सुटली होती. "बघा, मीच देतो," म्हणून ते तरातरा आत गेले. नळाला तेव्हा पाणी नव्हतं, पण सकाळी त्याच नळाचं भरलेलं पिंप होतं. त्यातून ग्लास भरून ते बाहेर आले.

ठमी हात पुढे करून धावत आली. "आजोबांच्या नळाचं! मला, मला!"

तिनं ग्लास धरला, ओठाला लावला. मिस्त्रींनी तो हिसकावून घेतला. इतका जोरात की निम्मं पाणी तिच्या फ्रॉकवर सांडलं आणि ती रडायला लागली. काय करावं न सुचून उरलेलं पाणी त्यांनी स्वतःच घटाघटा पिऊन टाकलं.

"कमाल आहे तुमची!" बायको म्हणाली. "नातीशीसुद्धा बरोबरी?"

लेक हसली. जावई हसला नाही. त्यानं ठमीला उचलून घेतलं आणि मिस्त्रींकडे एकदाच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. सकाळी जावई म्हणाला, "बाबा, खाली येता का? मीटरपाशी जरा बघायचं आहे." दोघं जिना उतरले. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तो थांबला.

"ते उकळलेलं होतं ना?"

मिस्त्रींनी कठडा धरला. "कशावरून?"

"टाकीत पाणी येतं ते त्याच लाइनीचं. पण टाकीच्या पाण्यात जेवढा क्षार आहे त्याच्या निम्मासुद्धा तुमच्या बाटलीत नाही. उरलेला कुठे गेला?"

पातेल्याच्या बुडाला. तो पांढरा खर. मिस्त्रींनी आयुष्यभर लोकांच्या हीटरमधून तो खरवडून काढला होता आणि बाटली भरताना तो त्यांना आठवला नव्हता.

"केव्हा कळलं?"

"कागद हातात पडला तेव्हाच."

"मग काल सगळ्यांपुढे सांगितलं का नाही?"

"सांगून काय मिळणार होतं?" जावई म्हणाला. "ठमीला उकळलेलं मिळणं महत्त्वाचं."

त्यानं आरडाओरडा केला असता तर मिस्त्रींना परवडलं असतं. हा मोठेपणा त्यांना मिरचीसारखा झोंबला. लाजेनं मान खाली गेली होती आणि तरी आत काहीतरी धुमसत होतं, की इथंही हाच वरचढ ठरला.

त्यांनी दुसरी बाटली भरली, या वेळी नळाची. तीन दिवसांनी कागद आला तो नापासाचा. त्या संध्याकाळी जेवताना मिस्त्रींनी स्वतःच सांगून टाकलं. "पहिली बाटली मी पातेल्यातून भरली होती. जावईबापूंना माहीत होतं. त्यांनी माझी लाज राखली."

बायकोच्या हातातला डाव तसाच राहिला. "बाबा, नात आहे ती तुमची," एवढं म्हणून लेक ताटावरून उठली. पुढचे चार दिवस ती त्यांच्याशी ठमीमार्फत बोलली. "आजोबांना सांग, चहा झालाय." आणि ठमी शेजारच्या खुर्चीवरच्या आजोबांना तो निरोप खणखणीत आवाजात द्यायची.

मिस्त्रींनी पलंगाखालची पेटी काढली. इमारतीच्या मागे, जिथून त्यांची नळी वर चढत होती, तिथं जमीन उकरली. नळी गटाराच्या चेंबरला खेटून गेली होती. एक वळण वाचवायला बावीस वर्षांपूर्वी त्यांनीच ती तशी नेली होती. अंगठ्यानं दाबलं तर गंजाचे पापुद्रे निघाले आणि खाली भोकं दिसली.

"पाणी बंद झालं की..." शेजारी वाकलेला जावई सांगू लागला आणि थांबला.

"की नळी बाहेरची घाण आत ओढते," मिस्त्री म्हणाले. "ठाऊक आहे मला."

घरात पुन्हा विषय निघाला. जार की मशीन? जावई म्हणाला, "रस्त्यावरच्या लाइनीचं पाणी मी तपासून आणलंय, ते चांगलं आहे. नळी दुसरीकडून, वरून नेली तर बाबांच्या नळाइतकं चांगलं पाणी दुसरं नाही. मशीनची गरज नाही."

तो मशीन म्हणाला असता तर बरं झालं असतं, असं मिस्त्रींना वाटून गेलं. मग त्याच्यावर चिडता तरी आलं असतं.

नवी नळी भिंतीवरून, जमिनीला न टेकता, टाकायला दोन दिवस लागले. मिस्त्रींचे गुडघे शिडीवर चालत नव्हते म्हणून जावयानं रजा काढली आणि वर तो चढला. मिस्त्री खालून सांगत होते, तो करत होता. पहिल्या जोडाला त्यानं पांढरी टेप गुंडाळली आणि नळी फिरवायला लागला तर टेप सगळी सुटून त्याच्या हातात आली. दुसऱ्यांदाही तेच.

"उलटी गुंडाळताय," मिस्त्री म्हणाले. "आटे फिरतात त्या बाजूनं गुंडाळायची. द्या इकडे."

जावई खाली उतरला, घामानं निथळत, कपाळावर गंजाचा डाग. मिस्त्रींनी त्याच्या बोटांत टेप धरून फिरवून दाखवली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा त्याला जमलं. त्याला ते येत नव्हतं याचं मिस्त्रींना फार बरं वाटलं. हे बरं वाटणं काही चांगलं नव्हे हे त्यांना कळत होतं, तरी वाटलं. शिडी धरून उभं असताना ते मनातल्या मनात हसलेसुद्धा.

नव्या नळाची बाटली जावयानं भरली. मिस्त्रींनी स्पिरिटनं तोंड पुसलं आणि घड्याळाकडे बघत दोन मिनिटं मोजली. कागद चांगला आला. जार लागला नाही, मशीनही आलं नाही.

लेक आता बापाशी नीट बोलते. पण ठमीचं पाणी मात्र ती अजून रोज रात्री उकळते, आणि मिस्त्री त्याबद्दल काही म्हणत नाहीत.