उंबरठ्यातली खुळखुळ

बायकोला, एनिडला, पुरून आल्याच्या नवव्या दिवशी विल्फ टँडीच्या मिनीत पुन्हा खुळखुळ सुरू झाली. बत्तीस वर्षं मुकी असलेली गाडी बोलली, आणि तीही पाव आणायला निघालेल्या माणसाशी.

झालं एवढंच, की ब्रिस्टल रोडवर तो बेकरीच्या गल्लीवरून सरळ पुढे गेला. डोक्यात काही नव्हतं म्हणून गेला. तेवढ्यात डावीकडच्या रिकाम्या सीटशेजारी, दाराखालच्या पोकळ पत्र्यातून आवाज आला. टक्. विल्फला वाटलं, खडा उडाला. दुसऱ्या दिवशी वळताना तो दिवा दाखवायला विसरला. टक् टक्. खड्यांना वाहतुकीचे नियम माहीत नसतात, एवढं बहात्तर वर्षांच्या माणसाला कळतं.

आणि कानाच्या बाबतीत विल्फला फसवणं सोपं नव्हतं. बर्मिंगहॅमच्या दक्षिण टोकाला जो मोटारींचा कारखाना होता, तिथे एकतीस वर्षं त्याचं काम एकच: तयार गाडी खडखडते का ते ऐकणं. हातात रबरी हातोडा, कानामागे खडू. गाडीला चार बाजूंनी थोपटायचं, डोळे मिटायचे, ऐकायचं. गप्प राहिली तर काचेवर बरोबरची खूण, बोलली तर फुली. फुली पडली की गाडी परत आत, आणि तिला जोडणारे सगळे विल्फच्या आईवडिलांची आठवण काढत तिच्यामागे. लोक म्हणत, हा माणूस लग्नाच्या मेजवानीतही बसण्याआधी खुर्ची हलवून बघतो. हे खोटं होतं. तो टेबलही हलवून बघायचा.

गाड्या होत्या मिनी. सुएझच्या भानगडीत पेट्रोल चिठ्ठीवर मिळायला लागलं तेव्हा देशाला काटकसर सुचली, आणि त्या काटकसरीच्या पोटी ही जन्माला आली. दहा फुटांची गाडी, दहा इंचांची चाकं. इंजिन आडवं निजवलं म्हणून पुढचं नाक वाचलं आणि आत चार माणसं मावली. चौघं इंग्रज असल्यामुळे गुडघ्याला गुडघा लागला तरी कोणी त्याचा उल्लेख केला नाही. आतून दार उघडायला दोरी होती. पहिल्या वर्षी पावसाचं पाणी पायाशी साचायचं. लोक घरी जाऊन मोजे वाळवायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिच्यातच बसायचे. सिनेमातली नटी, सुईण, उमराव, पाद्री, सगळे तिच्यातून फिरले. बर्फाच्या घाटांतल्या शर्यतीत तिने दुप्पट अंगाच्या गाड्यांना मागे टाकलं, तेव्हा तर प्रत्येकाला वाटलं की आपणच टाकलं. आपल्या आकारापेक्षा मोठं वाटून घेण्याची त्या देशाला जुनी सवय. ही गाडी त्याला अगदी मापात बसली.

तिच्यावरून एक रिवाजही पडला. रस्त्यात मिनीला मिनी भेटली की चालवणाऱ्याने हात वर करायचा, ओळख असो वा नसो. इंग्लंडात परक्या माणसाकडे बघून हात हलवायची एवढी एकच अब्रूदार सोय होती. विल्फ ते विसरायचा. मग एनिड डाव्या सीटवरून लग्नाची अंगठी दाराच्या पत्र्यावर आपटायची. टक्.

"हात," ती म्हणायची.

"गेला तो आता."

"आरशात बघत असेल. कर वर."

त्यांची मिनी हिरवी, पांढऱ्या टपाची. १९६६ साली ती विल्फच्या हातोड्याखाली आली आणि खुळखुळली. लहान, नाजूक आवाज, जणू कोणी दात न दाखवता हसतंय. विल्फने सीटा काढल्या, दारं उतरवली, दोन दिवस तिच्या पोटाखाली पाठीवर पडून काढले. आवाज सापडेना. मुकादम म्हणाला, "सोड ना, बाळा. एवढं कोण ऐकतंय?"

"मी," विल्फ म्हणाला, आणि त्याने फुली मारली.

अशा वाया गेलेल्या गाड्या कामगारांना स्वस्तात मिळत, पण विल्फने फुली मारलेली गाडी कोण घेणार? शेवटी त्याने स्वतःच घेतली. आपणच नापास केलेली गाडी आपणच घरी आणणारा तपासनीस कारखान्याच्या इतिहासात तो एकच. कारण विचारलं तर म्हणायचा, "घरी निवांत शोधीन."

रोज संध्याकाळी फाटकापाशी सीटच्या गाद्या शिवणाऱ्या विभागातली एक मुलगी त्याला विचारायची, "सापडलं का?" एनिड पार्जेटर तिचं नाव. चेहरा प्रार्थनेला बसल्यासारखा गंभीर. आठवडाभर "नाही" म्हणून झाल्यावर विल्फने तिला अडचण सांगितली. चालवणाऱ्याला नीट ऐकू येत नाही, शेजारी बसून कोणीतरी कान द्यायला हवा. एनिड म्हणाली, कान आहे. मग दर रविवारी लिकीच्या टेकड्यांवरून दोघं खुळखुळ ऐकत फिरले. ती डोकं दाराशी टेकवून म्हणायची, "मागे वाटतं," किंवा "नाही, पुढे." वर्षभर ऐकलं आणि लग्न केलं. आवाज सापडला नाही तो नाहीच.

शहात्तर साली गंज धरू नये म्हणून विल्फने घट्ट मेण एनिडच्या दुधाच्या पातेल्यात वितळवलं आणि दाराखालच्या पोकळीत भोकातून ओतलं. गाडी त्या दिवशी गप्प झाली. विल्फ दोन दिवस मिशीत हसत होता. एनिड पातेलं घासत म्हणाली, "बसवलंस ना बिचारीला गप्प." तेव्हापासून बोलायचं काम अंगठीकडे आलं.

आता अंगठी एनिडबरोबर मातीत होती, आणि गाडी बोलत होती.

विल्फने हे कोणाला सांगितलं नाही. मुलगी लीड्सला, तिला सांगावं तर ती डॉक्टरची वेळ घेईल. तो फक्त गाडी जास्त चालवायला लागला. पावाला, टपालाला, कधी कशालाच नाही. मुद्दाम चुका करून बघितल्या, तेव्हा आवाज आला नाही. खरी चूक झाली की यायचा. डाव्या सीटवर, एनिडने स्वतः शिवलेल्या खोळीवर, चाळीस वर्षांचा खळगा होता. तो भरून येईल असं विल्फला वाटलं होतं. स्प्रिंगा म्हाताऱ्या झाल्या तरी ओझं गेलं की वर येतात. ह्या येत नव्हत्या.

मेमध्ये गाडीची दरवर्षीची सरकारी तपासणी आली. तपासणाऱ्याने दाराखालच्या डाव्या पत्र्यावर अंगठा दाबला आणि तो आत गेला. वरून ठिगळ चालणार नाही, सगळा कापून नवा बसवा, नाहीतर गाडी रस्त्यावर आणू नका, असं त्याने कागदावर लिहून दिलं. विल्फने तो कागद चहाच्या किटलीला टेकवून ठेवला आणि दोन दिवस त्याच्यासमोर जेवला. पत्रा कापला तर आत जे काही आहे ते बाहेर पडणार. नाही कापला तर गाडी उभी राहणार, आणि उभी गाडी कधी बोलत नाही.

तिसऱ्या दिवशी तो जर्नेल संधूकडे गेला. जर्नेलचं जोडकामाचं, म्हणजे वेल्डिंगचं, गॅरेज रेल्वेच्या कमानीखाली होतं. माणूस पन्नाशीचा, दारातून आत येताना उजेड अडवील एवढा. त्याचे वडील विल्फबरोबर त्याच कारखान्यात होते, म्हणून विल्फ त्याचा अंकल.

"न कापता नाही होणार?" विल्फने विचारलं.

"न कापता फक्त देवळात होतं, अंकल. आणि तिथेही हल्ली वेळ लागतो."

"आत काही सापडलं तर..."

"सोनं असेल तर माझं, गंज असेल तर तुमचा." जर्नेलने त्याच्याकडे नीट बघितलं. "काय सापडणार आहे?"

"काही नाही. खुळखुळ आहे."

"तुमच्या गाडीत खुळखुळ?" जर्नेलने हातातलं यंत्र खाली ठेवलं. "माझे बापू हयात असते तर आज लाडू वाटले असते. तुम्ही त्यांच्या तीनशे गाड्या परत पाठवल्यात."

"दोनशे ऐंशी."

जर्नेल सीट सोडवायला वाकला. मळका हात लागू नये म्हणून त्याने आधी हात पुसून खोळीवर टेकवला, आणि उचलला. मग पुन्हा टेकवला.

"किती वेळ झाला गाडी इथे उभी करून?"

"तासभर."

"ऊनही नाही इथे, तरी कोमट," जर्नेल स्वतःशीच म्हणाला, आणि त्याने सीट दोन्ही हातांनी, म्हाताऱ्या माणसाला उठवावं तशी उचलून बाजूला ठेवली.

ठिणग्या उडाल्या, पत्रा उघडला. आत बत्तीस वर्षांचं मेण, जुन्या गुळाच्या ढेपेसारखं काळं आणि टणक. जर्नेलने छिन्नी लावली. चार घावांनी एक ढेकूळ सुटलं, त्यात काहीतरी चमकत होतं. त्याने ते चिंधीने पुसलं. अंगुस्तान निघालं, शिवणाऱ्या बायका बोटात घालतात ती धातूची टोपी. कडेला सुईने आकडा कोरलेला: ४१७.

"हा आकडा मी आत्ताच कुठेतरी पाहिला," जर्नेल म्हणाला, आणि त्याची नजर गाडीच्या किल्लीकडे गेली. किल्लीला एनिडचा हजेरीचा पितळी बिल्ला होता. ४१७.

विल्फ उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसला.

"बापू सांगायचे," जर्नेल जपून बोलू लागला, "शिवणाच्या बायका कधीकधी सीट नीट करायला म्हणून गाड्यांपाशी यायच्या. एखाद्या तपासनिसावर मन बसलं, की त्याच्याकडे जाणाऱ्या गाडीत अंगुस्तान टाकायच्या. म्हणजे तो शोधत बसतो, आणि ह्यांना विचारायला विषय मिळतो. सगळ्या कारखान्याला माहीत होतं."

"मला नव्हतं."

"तपासनिसांना कोण सांगणार?"

विल्फने ते अंगुस्तान करंगळीवर चढवून बघितलं. तो म्हणाला, "वर्षभर माझ्याशेजारी बसून ऐकत होती. कधी म्हणे मागे, कधी म्हणे पुढे. एकदा मी तिच्या सांगण्यावरून मागचं चाक उतरवलं. पावसात."

"आणि चाळीस वर्षांत बोलल्या नाहीत?"

"मेण ओतलं त्या दिवशी थोडं बोलली होती. मी ऐकलं नाही."

जर्नेल मेणाचं ढेकूळ हातात फिरवत होता. त्यात अंगुस्तानाच्या मापाचा खळगा पडला होता, कडा काचेसारख्या तुळतुळीत. त्याने तो अंगठ्याने चाचपला, अंगुस्तान मागून घेतलं, खळग्यात बसवलं आणि हलवलं. हललं नाही.

"अंकल, ही खुळखुळ तुम्हाला हल्ली ऐकू येते?"

"मार्चपासून."

"हे शहात्तरपासून असं बसलंय. छिन्नी लावेपर्यंत केसभरसुद्धा सरकलेलं नाही." त्याने दोन्ही वस्तू विल्फच्या हातात दिल्या आणि उगाचच हात पुन्हा पुसले. "ह्याने आवाज केलेला नाही."

कमानीवरून एक आगगाडी गेली.

"मी काही म्हणत नाही हं," जर्नेल म्हणाला. "मी फक्त जोडकाम करतो. नवा पत्रा बसवतोय. हे परत आत टाकू? मोकळं टाकलं तर खुळखुळेल. तुम्हाला बरं वाटेल."

विल्फने हिशेब केला. आत टाकलं तर आवाज नक्की येणार, रोज येणार, मरेपर्यंत पुरणार. न टाकावं तर कदाचित कधीच येणार नाही.

"नको," तो शेवटी म्हणाला. "ते वाजायला लागलं तर कोण बोलतंय ते कळायचं नाही."

त्याने अंगुस्तान कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं आणि खिशाचं बटण लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवा पत्रा बसला, सीट जागेवर आली. जोडकामानंतर एक फेरी मारायची असा जर्नेलचा नियम होता. विल्फने डावं दार उघडून धरलं. जर्नेलने त्या सीटकडे बघितलं, खळग्याकडे बघितलं, आणि सीट पुढे मुडपून मागे शिरला. सव्वाशे किलोचा माणूस मिनीच्या मागच्या बाकावर गुडघे कानांशी घेऊन बसला.

"पुढे बस की."

"इथे बरंय. पाठीला आराम पडतो."

ब्रिस्टल रोडवर गाडी लागली. नव्या पत्र्याने गाडी अशी गप्प, की कारखान्यातून आत्ता निघाली असावी. विल्फचा कान डावीकडे. बेकरीची गल्ली गेली, चर्च गेलं. डाव्या बाजूला कारखान्याची जागा आली, जिथे आता नुसतं कुंपण आणि गवत. शेवटची मिनी तिथून बाहेर पडून आठ वर्षं झाली होती. हातोड्याचा, पत्र्याचा, भोंग्याचा आवाज जिथे पंचवीस हजार माणसं ओरडून बोलावीत एवढा असायचा, तिथे काही नव्हतं. गाडीतही काही नव्हतं. विल्फ पुढे वाकून ऐकत होता, आणि त्याला पहिल्यांदाच वाटलं की आपण एनिडला पुरून आलो आहोत.

तो ऐकण्यात इतका गुंतला की समोरून एक लाल मिनी आली, तिच्यातल्या बाईने हात वर केला, आणि गाडी निघूनही गेली.

टक्.

मागच्या बाकावर जर्नेलने गुडघ्यांमधून मान वर काढली. आवाज रिकाम्या सीटशेजारून, दाराच्या पत्र्यावरून आला होता. स्वच्छ, थोडा रागावलेला.

विल्फने घाईघाईने हात वर केला.

"ती गेली, अंकल," जर्नेल मागून हळूच म्हणाला.

"आरशात बघत असेल." विल्फने हात खाली घेतला नाही. मग डावीकडे न बघता, जणू फाटकापाशी उभं राहून कोणाला सांगतोय अशा आवाजात म्हणाला, "सापडलं गं."

कमानीखाली आल्यावर जर्नेल मागच्या बाकावरून एकेक घडी उलगडत बाहेर निघाला.

"मी काही ऐकलं नाही," त्याने जाहीर केलं.

"म्हणूनच तुला तपासनीस केलं नाही."

विल्फने कोटाच्या बाहेरच्या खिशातून खडू काढला. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण खडू खिशात असायचा. आयुष्यात एकदाही बोलणारी गाडी त्याने पास केली नव्हती. तो डाव्या दारापाशी उकिडवा बसला, काचेवर बरोबरची खूण केली, आणि ती आत बसणाऱ्याला उलटी दिसेल हे लक्षात येऊन तिच्याशेजारी, आत बसून वाचता येईल अशी, दुसरी केली.